ट्रॅप नसलेलं दोन पाइपांचं स्टीम हीटिंग: फिलाडेल्फियातल्या १९१२ च्या घरातलं काम

फिलाडेल्फियाच्या माउंट एअरी भागातलं हे घर १९१२ सालचं. दगडी भिंती, तीन मजले, ओतीव लोखंडाचे अकरा रेडिएटर आणि बेसमेंटमध्ये गॅसवर चालणारा वाफेचा बॉयलर. प्रत्येक रेडिएटरला दोन पाइप आहेत. एकातून वाफ आत येते, दुसऱ्यातून तिचं झालेलं पाणी आणि हवा परत जाते. जून २०२२ मध्ये घर घेताना तपासणीच्या अहवालात एक ओळ होती: ‘दोन पाइपांची स्टीम यंत्रणा, स्टीम ट्रॅप दिसले नाहीत.’ ट्रॅप म्हणजे रेडिएटरमधून वाफ पलीकडे जाऊ न देणारी झडप. त्यावर दोन कंत्राटदारांनी दोन उपाय सांगितले. एकाने अकराही रेडिएटरना ट्रॅप बसवायचे साडेसहा हजार डॉलर मागितले. दुसऱ्याने सगळं बदलून गरम पाण्याचं हीटिंग करायचे अडतीस हजार. आकडे ऐकून पोटात गोळा आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये काम पुरं झालं तेव्हा मात्र एकही ट्रॅप बसवावा लागला नव्हता, कारण ही यंत्रणा मुळात ट्रॅपशिवाय चालावी म्हणूनच बांधलेली होती.

फिलाडेल्फिया, उत्तर न्यू जर्सी, बॉस्टन या पट्ट्यात जुनी घरं घेणारी मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. आपल्याकडे घर तापवायची यंत्रणा बघायची वेळच येत नाही, त्यामुळे इथे समोरचा सांगेल ते ऐकण्याशिवाय पर्याय नाही असं वाटतं. म्हणून हे सगळं क्रमाने, खर्चासकट लिहीत आहे.

जुलै ते सप्टेंबर २०२२: आधी ओळख पटवणं

स्टीम ट्रॅप रेडिएटरच्या परतीच्या टोकाला बसतो. हवा आणि पाणी तो जाऊ देतो, वाफ पोचली की बंद होतो. वाफ रिटर्नच्या, म्हणजे परतीच्या, पाइपात शिरू नये, एवढंच त्याचं काम. हेच काम ट्रॅपशिवाय करायच्या तीन तऱ्हा जुन्या घरांत सापडतात आणि आपल्याकडे कुठली आहे हे कळल्याशिवाय एकाही नटाला पान्हा लावू नये.

सगळ्यांत जुन्या तऱ्हेत रेडिएटरच्या दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह असतात आणि अंगावर हवा सोडणारा एक छोटा व्हेंट. प्रत्येक रिटर्न स्वतंत्रपणे खाली उतरून बॉयलरच्या पाणपातळीच्या खाली जाऊन मिळतो. पाण्यात बुडालेल्या टोकातून वाफ पलीकडच्या रेडिएटरमध्ये जाऊ शकत नाही. इथे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडे तरी ठेवायचे किंवा पूर्ण बंद तरी. एकच बंद केला तर पाणी आत अडकतं. या तऱ्हेच्या घरात नवा, बुटका बॉयलर बसला की घोटाळा होतो. नव्या बॉयलरची पाणपातळी जुन्या कोळशाच्या बॉयलरपेक्षा बरीच खाली असते, बुडालेली टोकं उघडी पडतात आणि वाफ मागच्या दाराने रेडिएटरमध्ये शिरते.

दुसऱ्या तऱ्हेत वाफ आत येतानाच मोजून सोडतात. रेडिएटर जेवढ्या वाफेचं पाणी करू शकतो त्यापेक्षा थोडी कमीच वाफ जाईल एवढं छिद्र व्हॉल्व्हमध्ये असतं. सगळी वाफ आतच विरते, रिटर्नपर्यंत पोचायला काही उरतच नाही. तिसऱ्या तऱ्हेत परतीच्या टोकाच्या एल्बोमध्ये (काटकोनी जोडात) थोडं पाणी साठून राहतं किंवा हलकी झडप असते. प्रत्यक्षात पुष्कळ कंपन्यांनी दुसरी आणि तिसरी तऱ्हा जोडून वापरली.

आमच्या घरात अशीच जोडणी निघाली. वाफेचा व्हॉल्व्ह रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात, त्यावर खुणांची तबकडी आणि काटा असलेला दांडा. समोरच्या टोकाला खाली जाडजूड पितळी एल्बो. अंगावर व्हेंट नाही. वाफेचा पाइप पाऊण इंची, परतीचा अर्धा इंची. बेसमेंटच्या छताला टांगलेला एक रेडिएटर, ज्याला वाफेचा पाइप नाहीच. वायर ब्रशने रंग काढल्यावर व्हॉल्व्हवर नाव दिसलं: ब्रूमेल. पेन्सिल्व्हेनियातलीच ही यंत्रणा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. तिचा व्हॉल्व्ह पाच टप्प्यांत उघडतो. एल्बोच्या आत पाण्याचा छोटा कप्पा आणि वर हवेसाठी बारीक भोक असतं. छताला टांगलेल्या रेडिएटरमध्ये चुकार वाफ विरून जाते आणि हवा तिथून पुढे धुराड्याकडे निघून जाते. या कंपन्यांची पेटंटं आणि कॅटलॉग आता कुणाच्या मालकीचे राहिलेले नाहीत, स्कॅन केलेले फुकट मिळतात. व्हॉल्व्हवरचं नाव आणि ‘व्हेपर हीटिंग’ असा शोध घ्या. आतली रचना कापून दाखवलेली चित्रं मिळतात. कंत्राटदाराला बोलवायच्या आधी ती चित्रं छापून हातात ठेवा.

याच काळात रेडिएटरांची मोजणी केली. रेडिएटरची ताकद चौरस फूट ईडीआरमध्ये, म्हणजे उष्णता देणाऱ्या पृष्ठभागाच्या मापात, मोजतात. एक चौरस फूट म्हणजे तासाला २४० बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं एकक). रेडिएटर उभे खंड, म्हणजे सेक्शन, जोडून बनतो आणि एकेका सेक्शनमध्ये दोन किंवा तीन उभे खांब असतात. ३८ इंच उंच, दोन खांबी रेडिएटरच्या एका सेक्शनचे ४ चौरस फूट, तीन खांबीचे ५. ३२ इंची दोन खांबीचे साडेतीनला थोडे कमी, २६ इंची दोन खांबीचे पावणेतीनला थोडे कमी. दिवाणखान्यातला तीन खांबी, बारा सेक्शनांचा म्हणजे ६०. एका झोपायच्या खोलीतला दोन खांबी, दहा सेक्शनांचा म्हणजे ४०. सगळे मिळून ४१० चौरस फूट झाले. बॉयलरच्या पाटीवर ५५० चौरस फूट स्टीम लिहिलेलं होतं. त्या आकड्यात पाइप तापवण्यासाठीची जादा तरतूद आधीच धरलेली असते. म्हणजे बॉयलर गरजेपेक्षा तिसऱ्या हिश्शाने मोठा आहे. तो चांगल्या स्थितीत होता म्हणून बदलला नाही, पण हा आकडा पुढच्या प्रत्येक निर्णयात लागला.

ऑक्टोबर २०२२: पहिली आग

ऑक्टोबरच्या मध्यावर हीटिंग सुरू केलं. बॉयलरजवळचे दोन रेडिएटर चटके बसतील इतके तापले, त्यांचे रिटर्नसुद्धा. तिसऱ्या मजल्यावरचे थंडगार. अर्ध्या तासाने बेसमेंटच्या रिटर्नमध्ये ठोके सुरू झाले, हातोडी मारावी तसे. रात्री दोन वाजता असा आवाज आला की छाती धडधडते. पाइप फुटणार असं वाटतं. फुटत नाही. थंड पाणी साठलेल्या पाइपात वाफ शिरली की ती क्षणात आक्रसते, मोकळ्या जागेत पाणी धावून आदळतं आणि तो ठोका ऐकू येतो. आवाज कुठून येतो तिथे खडूने खूण करा. पुढे ती खूण उपयोगी पडते.

दाबाचं नियंत्रण करणारं उपकरण २ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे चौरस इंचाला पौंड) लावलेलं होतं. बॉयलरवरचा दाबमापक शून्य ते तीस पीएसआयचा. त्यावर २ म्हणजे काटा जेमतेम हलतो. आपल्या प्रेशर कुकरची शिट्टी साधारण १५ पीएसआयला होते, त्या मानाने २ कमीच वाटतात. या यंत्रणेला ते फार म्हणजे फारच जास्त आहेत.

याचं गणित सोपं आहे. १ पीएसआय म्हणजे १६ औंस. १ औंस दाब पाण्याला १.७३ इंच वर ढकलतो, १ पीएसआय २७.७ इंच. बॉयलरमध्ये २ पीएसआय दाब आला की परतीच्या उभ्या पाइपातलं पाणी बॉयलरच्या पाणपातळीपेक्षा ५५ इंच वर चढून उभं राहतं. आमच्याकडे पाणपातळी जमिनीपासून २७ इंचांवर आणि छताखालून जाणारा आडवा ड्राय रिटर्न (पाणपातळीच्या वर राहणारा परतीचा पाइप) ५८ इंचांवर. मधे फक्त ३१ इंच. म्हणजे २ पीएसआय होण्याच्या कितीतरी आधी आडवा रिटर्न पाण्याने भरणार, हवेची वाट बंद होणार आणि वरचे रेडिएटर हवेने कोंडलेले राहणार. तिकडे रेडिएटरच्या एल्बोत पाण्याचा अडसर आहे जेमतेम इंचभराचा. एवढ्या दाबाची वाफ तो केव्हाच उडवून रिटर्नमध्ये घुसते. रिटर्नमध्येही वाफेचा दाब आला की दोन्ही बाजू सारख्या होतात आणि दूरच्या रेडिएटरमध्ये वाफ जायला कारणच उरत नाही.

कोळशाच्या काळात ही अडचण येत नसे. आग दिवसभर मंद जळायची, वाफ संथ निघायची आणि दाब थोडा वाढला की पाण्यावर तरंगणारा गोळा साखळीने हवेची झडप ओढून आग मंद करायचा. गॅसचा बर्नर एक तर पूर्ण जळतो किंवा पूर्ण बंद असतो. साखळी आणि गोळा केव्हाच गेले, त्यांचं काम करणारं काही कुणी बसवलं नाही. ट्रॅप नाहीत ही या घरातली उणीव नव्हती, दाब आवरणारं साधन नव्हतं ही होती.

नोव्हेंबर २०२२: दाब औंसांत आणणं

हंगामाच्या तोंडावर चांगला तंत्रज्ञ मिळायला तीन आठवडे थांबावं लागलं. फोनवर एकच प्रश्न विचारायचा: ‘तुम्ही व्हेपरस्टॅट लावता का आणि किती औंसांवर ठेवता?’ व्हेपरस्टॅट म्हणजे औंसांइतक्या कमी दाबावर बर्नर बंद-सुरू करणारं उपकरण. उत्तर औंसांत आलं तर पुढे बोलायचं.

हनीवेलचा शून्य ते सोळा औंसांचा व्हेपरस्टॅट २७० डॉलरना मिळाला. आधीचं पीएसआयवालं उपकरण काढलं नाही. ते दुसरी सुरक्षा म्हणून त्याच वायरवर ओळीने ठेवलं, म्हणजे दोघांपैकी कुणीही बर्नर बंद करू शकतं. शून्य ते तीन पीएसआयचा वेगळा दाबमापक ३५ डॉलरचा. मूळचा शून्य ते तीसचा मापक नियमाप्रमाणे जागेवरच राहतो. तंत्रज्ञाचे तीन तासांचे ४३५ डॉलर. व्हेपरस्टॅट ८ औंसांना बंद आणि २ औंसांना पुन्हा सुरू असा लावला. ८ औंसांना रिटर्नमधलं पाणी १४ इंच चढतं, ३१ पैकी १४, पाइपातल्या घर्षणालाही जागा उरते. पंधरा पीएसआयच्या सेफ्टी व्हॉल्व्हला कुणीही, कधीही हात लावू नये.

या उपकरणांखाली वेटोळं घेतलेला एक छोटा पाइप असतो, पिगटेल. त्यात पाणी भरलेलं राहायला हवं, नाहीतर गरम वाफ थेट उपकरणात जाते. तो गाळाने तुंबला की उपकरणाला दाब कळतच नाही आणि बर्नर जळत राहतो. आमचा निम्मा तुंबलेला होता. दरवर्षी तो सोडवून आरपार साफ करायचा आणि पाणी भरून परत लावायचा.

आणखी एक गोष्ट स्वतः करता येते. घरातली गॅसची बाकी सगळी उपकरणं बंद ठेवून मीटरचा दोन घनफुटांचा काटा एक फेरा किती सेकंदांत पुरा करतो ते मोजा. एका घनफूट गॅसमध्ये साधारण १,०३० बीटीयू. आमचा फेरा ३४ सेकंदांचा भरला, म्हणजे तासाला साधारण २,१८,००० बीटीयू, पाटीवरच्या आकड्याशी जुळणारे. फार फरक असता तर आधी तो दुरुस्त करावा लागला असता, आणि ते काम ज्वलनवायू तपासायचं यंत्र असलेल्या तंत्रज्ञाचं.

दाब उतरल्यावर ठोके पहिल्याच रात्री जवळजवळ थांबले. किती हायसं वाटलं ते सांगता येत नाही. पण तिसरा मजला अजून उशिरा तापत होता.

डिसेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३: पाणी आणि हवा

बॉयलरच्या काचनळीतलं पाणी उकळताना दीड-दोन इंच उड्या मारत होतं. अर्धा-पाऊण इंच हलणं ठीक, त्याहून जास्त म्हणजे पाण्यावर तेलाचा तवंग आहे. पाइपांना आटे पाडताना वापरलेलं तेल वर्षानुवर्षं आत फिरत राहतं. अशा पाण्याची वाफ ओली निघते, पाण्याचे थेंब पाइपात वाहून नेते आणि रेडिएटर भरायच्या आधीच विरते. खालच्या नळाने बॉयलर रिकामा करून उपयोग नाही, तेल तरंगतं आणि पातळीबरोबर खाली उतरून लोखंडाला चिकटतं. पाणपातळीच्या उंचीवर बॉयलरला एक बूच असतं. ते काढून तिथे नळी जोडायची, पाणी कोमट ठेवायचं आणि पेन्सिलीएवढ्या धारेने वरच्या वर वाहू द्यायचं, सावकाश, कित्येक तास. घाई केली की तवंग ढवळला जातो. नव्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लोखंड खातो, म्हणून पाणी घातल्यावर लगेच बॉयलर पेटवून ते उकळून घ्यायचं. पाणी कमी झालं की बर्नर बंद करणारं तरंगत्या गोळ्याचं उपकरण असेल तर त्याखालचा नळ दर आठवड्याला उघडून बादलीभर गढूळ पाणी सोडायचं.

मग हवेची वाट. बॉयलर पेटण्याआधी सगळे पाइप आणि रेडिएटर हवेने भरलेले असतात; हवा बाहेर गेल्याशिवाय वाफ आत येत नाही. वाफ हवेच्या साधारण निम्म्या वजनाची, म्हणून वरून आत येऊन हवेला खाली, एल्बोतल्या बारीक भोकातून रिटर्नमध्ये ढकलते. अकराही रेडिएटरांची हवा शेवटी एकाच जागी येते: ड्राय रिटर्नच्या टोकाला. आमच्याकडे तिथून धुराड्यात जाणारा पाइप कुणीतरी कापून बूच मारलं होतं आणि त्याजागी एका रेडिएटरला पुरेल एवढा छोटा व्हेंट लावला होता. अख्ख्या घराची हवा त्यातून निघणार कशी? धुराड्याची जुनी जोडणी परत करायचा मोह टाळावा. त्या धुराड्यात आता गॅसच्या धुरासाठी धातूची नळी आहे, तिला छेडायचं नाही.

गॉर्टन कंपनीचे ‘नंबर दोन’ मापाचे दोन व्हेंट घेतले, फिटिंगसकट २८० डॉलर. एक ड्राय रिटर्नच्या टोकाला, खाली उतरायच्या आधी. दुसरा वाफेच्या लांब मेनच्या, म्हणजे बॉयलरपासून निघणाऱ्या मुख्य पाइपाच्या, शेवटी. मेनचा व्हेंट टोकापासून किमान १५ इंच अलीकडे आणि सहा ते दहा इंच उंच निपलवर (पाइपाच्या आखूड तुकड्यावर) लावावा, नाहीतर टोकाला आदळणारं पाणी त्याची नाजूक झडप खराब करतं. आमचे दोन मेन: अडीच इंची, ३८ फूट, त्यात सव्वा घनफूट हवा, दोन इंची, ३० फूट, त्यात पाऊण घनफुटाला थोडी कमी. आधी आखूड मेनच्या टोकाला वाफ ११ मिनिटांत पोचायची आणि लांबच्या टोकाला २४. आता ९ आणि ११. दोन्ही टोकांना वाफ जवळजवळ एकाच वेळी पोचली की वरचे मजलेही बरोबरीने तापायला लागतात. पाइपाला हात लावून आणि घड्याळ बघून हे मोजता येतं, यंत्र लागत नाही.

मार्च ते जून २०२३: एस्बेस्टॉस आणि पाइपांचं आवरण

बेसमेंटच्या पाइपांवर कुठे कुठे पांढरं, पुठ्ठ्यासारखं जुनं आवरण होतं, बाकी पाइप उघडे. उघड्या पाइपातून आवरण घातलेल्या पाइपाच्या चार-पाच पट उष्णता जाते. वाफ वाटेतच पाणी होते. पण जुन्या आवरणाला हात लावायच्या आधी तपासणी हवी. तीन नमुने, प्रयोगशाळेचे प्रत्येकी ४५ डॉलर. आठवड्याच्या आत अहवाल आला, तिन्हींत एस्बेस्टॉस. परवानाधारक कंत्राटदाराची तारीख मिळायला सात आठवडे लागले आणि ३,२०० डॉलर. काम दोन दिवसांत झालं. करारात तीन गोष्टी लेखी घ्या: कामानंतर हवेची तपासणी स्वतंत्र माणसाकडून, कचऱ्याच्या विल्हेवाटीची पावती, आणि कुठल्या पाइपांवरून किती फूट काढलं याचा तपशील. पुढे घर विकताना हे कागद मागतात. परवाना आणि सूचनेचे नियम गावागणिक वेगळे आहेत, म्हणून कंत्राटदाराच्या सांगण्यावर न थांबता नगरपालिकेच्या कार्यालयात फोन करून खात्री करा. एस्बेस्टॉस चांगल्या स्थितीत, न फाटलेलं असेल तर झाकून ठेवणं हाही मान्य मार्ग आहे. आमचं भुगा होऊन पडत होतं.

नवं आवरण एक इंच जाडीचं फायबरग्लास, ६४० डॉलर. मागवताना पाइपाचा बाहेरचा व्यास मोजा. दोन इंची म्हणतात त्या लोखंडी पाइपाचा बाहेरचा व्यास २ पूर्णांक ३/८ इंच असतो, अडीच इंचीचा २ पूर्णांक ७/८. तांब्याच्या पाइपाच्या मापाचं आवरण यावर बसत नाही. एल्बो आणि टी उघडे सोडू नका. छताला टांगलेला तो रेडिएटर मात्र उघडाच ठेवायचा. वाफ विरवणं हेच त्याचं काम आहे.

जुलै ते सप्टेंबर २०२३: व्हॉल्व्ह आणि एल्बो

सगळ्यांत समाधान देणारं काम हे. अकरापैकी सात रेडिएटरांवर मूळचे पाच टप्प्यांचे व्हॉल्व्ह शिल्लक होते. चारांवर कधीतरी साधे व्हॉल्व्ह बसवले गेले होते, पूर्ण भोकाचे. हेच चार रेडिएटर रिटर्न तापवत होते. साधा व्हॉल्व्ह वाफ मोजत नाही, म्हणून दाब कमी करूनही तिथून थोडी वाफ पलीकडे जातच होती.

उपाय म्हणजे व्हॉल्व्ह आणि रेडिएटर यांच्यामधल्या युनियनमध्ये (नट फिरवून सुटणाऱ्या जोडात) छिद्राची चकती बसवणं. अर्धा मिलिमीटर जाड तांब्याचा पत्रा, युनियनच्या आतल्या बैठकीएवढी गोल चकती, मधोमध छिद्र, कडा घासून गुळगुळीत. छिद्राचं माप दाबावर आणि रेडिएटरच्या आकारावर ठरतं. एक चौरस फूट ईडीआर तासाला पाव पौंड वाफेचं पाणी करतो. ४ औंस दाबाला आणि रेडिएटर साधारण ८५ टक्के भरेल अशा हिशेबाने २० चौरस फुटांना ३/१६ इंच, ३० ला १५/६४, ४० ला १७/६४ ते ९/३२ आणि ६० ला ११/३२ असं माप येतं. छिद्राचं क्षेत्रफळ चौरस फुटांच्या प्रमाणात वाढतं, व्यास नाही. दुप्पट रेडिएटरला दुप्पट व्यास केला तर चौपट वाफ जाईल. नेहमी एक माप लहान पाडून सुरुवात करा. मोठं करता येतं, लहान करता येत नाही. आणि ही मापं ४ औंसांची आहेत. दाब वाढवला तर ती सगळी मोठी ठरतात.

शंभर वर्षांचे युनियन नट सहज सुटत नाहीत. गंज सोडवणारं तेल काही दिवस आधीपासून रोज लावा आणि दोन पाने वापरा: एकाने व्हॉल्व्ह धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकच पाना लावला तर जमिनीतून येणारा पाइप पिळला जातो आणि मग भिंत फोडायची वेळ येते. हे सगळं बॉयलर पूर्ण थंड असताना. पत्रा आणि ड्रिलची पातं मिळून चाळीस डॉलर लागले.

मग एल्बो. एकेक करून उघडायचा, सगळे एकदम नाही, आतला भाग दुसऱ्या एल्बोत मिसळू द्यायचा नाही. आतल्या कप्प्यात काळा गाळ असतो आणि हवेचं बारीक भोक हटकून बुजलेलं. ज्या रेडिएटरचं भोक बुजलं असेल तो दाब कितीही ठेवला तरी तापत नाही, कारण हवा कोंडलेली राहते. लोक व्हॉल्व्हवर संशय घेतात. मऊ तारेने भोक मोकळं करायचं, मोठं करायचं नाही. भोक मोठं झालं की वाफ त्यातूनच पळते. परत बसवताना रेडिएटरचा उतार परतीच्या टोकाकडे आहे ना हे पाणसळाने बघायचं. शंभर वर्षांत जमीन खचते, पायाखाली पातळ पाचर लागते. बेसमेंटमध्ये खडूची खूण होती तिथे रिटर्नला पोट आलेलं निघालं. दर २० फुटांना एक इंच असा उतार राहील अशी टांगणी नव्याने लावली.

रेडिएटरला हवेचे व्हेंट लावू नका. ‘हा तापत नाही, व्हेंट लावून देतो’ असं हमखास सुचवलं जातं. व्हेंट लावला की रेडिएटर पूर्ण भरतो, वाफ एल्बोपर्यंत पोचते आणि रिटर्न पुन्हा तापायला लागतो. एकाचं दुखणं सगळ्यांना जातं.

ऑक्टोबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४

नव्या हंगामात दाबमापक बहुतेक वेळ एक ते तीन औंसांवरच राहिला. कडाक्याच्या थंडीत बर्नर बराच वेळ चालला तरच ६ पर्यंत गेला, म्हणून व्हेपरस्टॅट ८ वरून ६ औंसांवर आणला. रेडिएटर वरून खाली तापतात आणि शेवटचा सेक्शन तळाशी कोमट राहतो. तसंच हवं. ‘रेडिएटर पूर्ण तापत नाही’ अशी तक्रार इथे करू नये. पूर्ण तापला तर वाफ निसटते आहे. रिटर्नच्या पाइपाला हात ठेवता येतो इतका तो कोमट असतो.

थर्मोस्टॅटच्या सेटिंगमध्ये बर्नरचा तासाला एक फेरा निवडावा, स्टीमसाठी तोच योग्य. रात्री तापमान दोन-तीन अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त खाली आणू नका. सकाळी खूप चढायचं असलं की बर्नर लांबच लांब चालतो, दाब वाढतो आणि पाण्याचे अडसर परत कसोटीला लागतात. गॅसचा वापर हीटिंग डिग्री डेने (थंडी किती पडली याच्या मापाने) भागून दोन हिवाळे ताडून बघितले. साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाला. यातला मोठा वाटा पाइपांच्या आवरणाचा असावा.

एकूण खर्च पाच हजार डॉलरना थोडा वर, त्यातले ३,२०० एस्बेस्टॉसचे. तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीतला एक मूळ व्हॉल्व्ह दांड्यातून किंचित गळतो. त्याची दोऱ्याची पॅकिंग येत्या उन्हाळ्यात बदलायची आहे. ग्रॅफाइटचा दोरा, बॉयलर बंद असताना, व्हॉल्व्ह न काढता.

बॉयलरशेजारी भिंतीवर एक कागद प्लास्टिकमध्ये घालून लावला आहे, इंग्रजीत, येणाऱ्या तंत्रज्ञासाठी. त्यावर यंत्रणेचं नाव, दाब ६ औंस, कमाल ८. ट्रॅप नाहीत आणि बसवायचे नाहीत. रेडिएटरना व्हेंट लावायचे नाहीत. कुठल्या चार रेडिएटरांत चकत्या आहेत आणि त्यांची छिद्रं किती. पाणपातळी २७ इंच, ड्राय रिटर्न ५८ इंच. पिगटेल शेवटचा कधी साफ केला ती तारीख. शेवटच्या ओळीपुढे जागा मोकळी ठेवली आहे, दर सप्टेंबरला नवी तारीख लिहायला.